लहान मुलांसोबत फुलांच्या बिया पेरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडी रंगवणे, माती भरणे, बी पेरणे आणि नावाची पाटी खोचणे एवढे काम एका-दोन बैठकांत होते, पण त्याचे फूल दिसायला साधारण दोन महिने लागतात. दोन ते सात वर्षांच्या मुलांसोबत हा उपक्रम करू इच्छिणारे पालक, आजी-आजोबा आणि बालवाडीच्या शिक्षिका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: तयारी मोठ्यांनी करावी, परंतु बी मुलाच्याच हाताने मातीत जावी.

मूल किती वयाचे असताना हा उपक्रम सुरू करावा?

दीड-दोन वर्षांच्या मुलालाही चमच्याने माती भरता येते आणि छोट्या भांड्याने पाणी घालता येते, त्यामुळे फार थांबण्याची गरज नाही. मात्र तीन वर्षांखालील मुले हाती आलेली वस्तू सहज तोंडात घालतात आणि बी श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. या वयात बियांचे पाकीट मोठ्यांनी स्वतःजवळ ठेवावे, एका वेळी एकच बी तळहातावर घेऊन मुलापुढे धरावी आणि ती मातीत जाईपर्यंत नजर हटवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला चिमूट बऱ्यापैकी जमू लागते. बी उचलणे, खळग्यात सोडणे आणि वरून माती लोटणे ही कामे ते स्वतः करू शकते. पाच वर्षांनंतर पट्टीने खोली मोजणे, पाटीवर नाव लिहिणे आणि रोपाची उंची वहीत नोंदवणे यांतही मुलांना रस वाटू लागतो.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दहा-पंधरा मिनिटांची एक बैठक पुरेशी असते. म्हणून कुंडीची सजावट एका दिवशी आणि पेरणी दुसऱ्या दिवशी ठेवावी. रंग वाळायलाही तेवढा वेळ मिळतो.

कोणत्या फुलांच्या बिया निवडाव्यात?

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. बी मुलाच्या चिमटीत येण्याइतकी मोठी असावी, ती आठ-दहा दिवसांत उगवावी, दोन-तीन महिन्यांत फूल यावे आणि ती विषारी नसावी. या चारही कसोट्यांवर उतरणारी फुले मोजकीच आहेत, पण ती जगभर सहज मिळतात.

सूर्यफुलाची बी सर्वांत मोठी आणि धरायला सोपी असते. ती सात ते दहा दिवसांत उगवते आणि तिचा कोंब इतका दणकट असतो, की माती बाजूला सारत तो वर येताना मुलाला स्पष्ट दिसतो. कुंडीसाठी बुटकी जात घ्यावी. उंच जाती दोन मीटरच्याही वर जातात आणि त्यांना जमीनच लागते. झेंडूची बी बारीक काडीसारखी, एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाला फिकट पिसाऱ्याची असते. उबदार हवेत ती चार ते सात दिवसांत उगवते, त्यामुळे सर्वांत अधीर मुलासाठी झेंडू उत्तम. झिनियाही तितक्याच वेगाने उगवते. कॉसमॉसच्या बिया लांबट आणि वाकड्या असून त्यांची रोपे हलक्या मातीतही तक्रार करत नाहीत. नस्टर्शियमची बी वाटाण्याएवढी, सुरकुतलेली असते आणि तिला खताचा सोस नसतो. जास्त खत दिले तर पाने फोफावतात आणि फुले कमी येतात. तेरड्याची बी लहान व गोल असली तरी चिमटीत येते. त्याच्या पिकलेल्या बोंडाला स्पर्श करताच ते फुटून बिया उडतात, हा त्याचा मोठाच आनंद आहे.

एकच फूल निवडायचे असेल तर मी झिनिया सुचवेन. मिश्र रंगांचे पाकीट घेतले की कोणत्या रोपाला कोणता रंग येणार, हे फूल उमलेपर्यंत कोणालाच माहीत नसते. मूल आणि मोठा माणूस दोघेही तिथे सारख्याच उत्सुकतेने वाट पाहतात.

पेटुनियासारख्या धुळीएवढ्या बिया लहान मुलांसाठी अजिबात घेऊ नयेत. त्या हाताला लागत नाहीत, डोळ्यांना नीट दिसत नाहीत आणि जोरात श्वास सोडला तरी उडून जातात. त्यांपासून आलेली फुले सुंदर असली, तरी पेरण्याचे काम शेवटी मोठ्यांकडेच येते.

कोणत्या बिया मुलांच्या हाती देऊ नयेत?

गुलबक्षी, मॉर्निंग ग्लोरी आणि स्वीट पी यांच्या बिया मोठ्या व आकर्षक असल्याने त्या मुलांच्या उपक्रमांत नेहमी सुचवल्या जातात, परंतु या तिन्ही पोटात गेल्यास अपायकारक आहेत. सर्व काही तोंडात घालण्याच्या वयात त्या टाळलेल्याच बऱ्या. धोत्रा, कण्हेर, एरंड आणि गुंज या वनस्पतींना तर या उपक्रमात जागाच नाही. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचे तीव्र विष असते. गुंजेची लाल-काळी बी दिसायला अतिशय मोहक असली, तरी चावून खाल्ली गेल्यास जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका बीवरील औषधाचा असतो. बुरशी लागू नये म्हणून काही बियांवर बुरशीनाशकाचा लेप दिलेला असतो आणि तो ओळखू यावा यासाठी त्यात गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग मिसळतात. पाकिटावरील सूचना वाचूनच खरेदी करावी आणि अशा रंगीत बिया मुलांना देऊ नयेत. मुलाने अनोळखी बी गिळल्याची शंका आली, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि बियांचे पाकीट सोबत न्यावे.

कुंडी कशाची करावी आणि ती कशी सजवावी?

कागदी पेला, दह्याचा रिकामा डबा, पुठ्ठ्याची नळी किंवा वर्तमानपत्राची गुंडाळून केलेली कुंडी, यांतील काहीही चालते. तळाला भोके असणे मात्र अत्यावश्यक आहे आणि ती पाडण्याचे काम मोठ्यांनी आधीच करून ठेवावे. पत्र्याच्या डब्यांच्या कडा कापतात, म्हणून ते टाळावेत. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे या उपक्रमाच्या छायाचित्रांत फार शोभतो, पण त्याचे खळगे इतके उथळ असतात, की माती काही तासांत सुकते. किमान ७ ते १० सेंटीमीटर खोलीचे भांडे घेतल्यास रोज पाणी घालण्यातली एखादी चूक रोपाला सोसता येते.

सजावटीबाबत नेहमीची अडचण अशी, की मातीच्या कुंडीतून पाणी बाहेर झिरपते आणि मुलाने मन लावून दिलेला रंग काही दिवसांत पोपडे धरून निघू लागतो. पोस्टर रंग तर पहिल्याच पाण्याला ओघळतात. ॲक्रिलिक रंग त्या मानाने टिकतो, परंतु कुंडी आधी पूर्ण कोरडी असावी, रंग फक्त बाहेरून द्यावा आणि वाळल्यावर मोठ्यांनी त्यावर वॉर्निशचा एक हात फिरवावा.

माझ्या मते याहून सोपा आणि चांगला मार्ग म्हणजे कुंडी आणि सजावट वेगळी ठेवणे. बी साध्या, भोके पाडलेल्या पेल्यात पेरावी आणि तो पेला पुठ्ठ्याच्या सजवलेल्या वेष्टनात उभा करावा. वेष्टनावर चित्र काढता येते, कागदाचे तुकडे चिकटवता येतात, बोटांचे ठसे उमटवता येतात. पाणी घालताना पेला बाहेर काढून निथळल्यावर परत ठेवला, की चित्रावर पाण्याचा थेंबही येत नाही. रोप मोठ्या कुंडीत गेल्यावरही मुलाची कलाकृती शाबूत राहते. चमकी मात्र टाळावी, कारण तिचे प्लॅस्टिकचे बारीक कण मातीत मिसळतात आणि तिथेच राहतात.

वेष्टनावर मुलाने काय काढावे, हे सांगण्याचा मोह आवरावा. काळ्या रंगाचे सूर्यफूल काढले तरी ते तसेच राहू द्यावे.

नावाची पाटी कशाने लिहावी?

आइस्क्रीमची काडी आणि साधी पेन्सिल. स्केचपेनची शाई पाण्याने पसरते आणि बऱ्याच मार्करची शाई उन्हात फिकी पडते. पेन्सिलीचे अक्षर मात्र महिनोन्‌महिने वाचता येते. फुलाचे नाव, पेरणीची तारीख आणि मुलाचे नाव एवढे पुरे. लिहिता न येणाऱ्या मुलाने काडीच्या टोकाला ती बी खळीने चिकटवली, तरी आत काय पेरले आहे ते त्याला ओळखता येते.

माती कोणती वापरावी आणि ती मुलांसाठी सुरक्षित असते का?

अंगणातील नुसती माती कुंडीत दबून घट्ट होते आणि कोवळ्या मुळांना त्यात हवा मिळत नाही. रोपांसाठी मिळणारे तयार मिश्रण घ्यावे, किंवा माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पूर्ण कुजलेले खत समप्रमाणात मिसळावे. कोकोपीटची कोरडी वीट कोमट पाण्यात टाकली की ती काही मिनिटांत अनेक पट फुगते. हे दृश्य मुलांना इतके आवडते, की मिश्रण तयार करण्याचे काम त्यांच्यासमोरच करावे. ताजे, न कुजलेले शेण किंवा कोंबडखत मुलांच्या हाती देऊ नये. त्यात जंतू असतात आणि ते कोवळ्या रोपांनाही जाळते.

सुरक्षिततेसाठी काही सवयी पुरेशा आहेत. पिशवी उघडताना चेहरा दूर ठेवावा आणि मिश्रण आधी ओले करून मगच मुलापुढे ठेवावे. कुंडीच्या मिश्रणात क्वचित लेजिओनेला जातीचे जिवाणू असतात व त्यांची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. मांजरांचा वावर असलेल्या जागेतील माती, वर्दळीच्या रस्त्याकडेची माती आणि जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीलगतची माती घेऊ नये, कारण पहिल्या ठिकाणी परोपजीवींची आणि इतर दोन्ही ठिकाणी शिशाची शक्यता असते. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. काम संपल्यावर साबणाने हात धुणे हा उपक्रमाचाच शेवटचा टप्पा मानावा.

मातीला हात लावायला मूल घाबरत असेल तर काय करावे?

जबरदस्ती करू नये. काही मुलांना ओला, चिकट स्पर्श खरोखरच असह्य होतो. त्यांना चमचा, रंगाचा जाड कुंचला किंवा हातमोजे द्यावेत आणि सुरुवात ओल्या मातीऐवजी सुक्या बियांपासून करावी. मोठ्यांनी शेजारी बसून स्वतःची कुंडी शांतपणे भरत राहिल्यास बरीच मुले आपण होऊन जवळ येतात.

बी किती खोल पेरावी आणि कोणत्या बाजूने ठेवावी?

बीच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल, हा सर्वसाधारण नियम आहे. सूर्यफूल २ ते २.५ सेंटीमीटर, नस्टर्शियम साधारण दीड सेंटीमीटर, तर झिनिया, झेंडू आणि कॉसमॉस जेमतेम अर्धा सेंटीमीटर. मुले बी नेहमी जास्त खोल दाबतात, कारण बोट आत घालण्याची मजा काही वेगळीच असते. त्यासाठी काडीवर रंगीत रेघ मारून द्यावी आणि ‘रेघेपर्यंतच’ असे सांगावे. ही मर्यादा तीन वर्षांचे मूलही काटेकोरपणे पाळते.

बी उलटी पडली तरी चिंता नाही. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते गुरुत्वाकर्षणामुळे पेशीच्या तळाशी बसतात आणि खालची दिशा कोणती हे मुळाला त्यावरून कळते, त्यामुळे बी कशीही ठेवली तरी मूळ वळून खालीच जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलासोबत हे तपासूनही पाहता येते. काचेच्या बरणीत ओल्या कागदाला टेकवून चार बिया चार दिशांना तोंड करून ठेवाव्यात आणि मुळे कुठे वळतात ते पाहावे.

मुलाला बारीक बियाच पेरायच्या असतील तर?

तेव्हा बियांची पट्टी करावी. हस्तकला म्हणून ती पेरणीइतकीच रंजक आहे. टिश्यू कागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापावी. पिठाची घट्टसर खळ शिजवून थंड करावी. मुलाने कुंचल्याच्या टोकाने ठरावीक अंतरावर खळीचे ठिपके द्यावेत आणि प्रत्येक ठिपक्यावर किंचित ओल्या कापसाच्या काडीने एक-दोन बिया ठेवाव्यात. मग पट्टी दुमडून, दाबून त्याच दिवशी पूर्ण वाळवावी. पेरताना ती मातीवर अंथरून वर अगदी पातळ थर पसरवला की झाले. कागद ओलाव्याने विरघळत जातो.

बिया घालून केलेला हातकागदही लोकप्रिय आहे, पण त्यात एक कच्चा दुवा असतो. लगदा जाड झाला किंवा वाळायला दोन-तीन दिवस लागले, तर बिया कागदातच फुगतात आणि उगवण्याआधीच कुजतात. बिया लगद्यात अगदी शेवटी मिसळाव्यात आणि कागद पातळ थापून वाऱ्यावर लवकर वाळवावा.

पाणी किती घालावे? मूल दिवसभर पाणीच घालत राहते.

या उपक्रमात जितकी रोपे तहानेने मरतात, त्याहून जास्त जादा पाण्याने मरतात. पाणी घालणे हे मुलाचे सर्वांत आवडते काम असल्याने बंदी घालण्यापेक्षा साधन बदलावे. झारीऐवजी फवाऱ्याची बाटली द्यावी, किंवा झाकणाला बारीक भोके पाडलेली अगदी छोटी बाटली द्यावी. पेरणीपूर्वीच माती नीट भिजवून घेतली, तर नंतर पाण्याच्या धारेने बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

रोज सकाळी मुलाने मातीच्या पृष्ठभागाला बोट लावून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. बोट कोरडे की ओले, हा निर्णय त्याच्यावर सोपवावा. ‘आज पाणी नको’ असे चार वर्षांच्या मुलाने स्वतः ठरवणे ही लहान गोष्ट नाही. फवारण्याची हौस उरलीच, तर खिडकीची काच किंवा रिकामी कुंडी आहेच.

कोंब येईपर्यंत मुलाचा उत्साह कसा टिकवावा?

पेरणीनंतरचे सात-आठ दिवस हा उपक्रमातला सर्वांत अवघड आणि सर्वांत मौल्यवान काळ आहे. कुंडीकडे पाहून काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे काही घडत नाही, असे लहान मुलाला वाटते. म्हणून कुंडीत जी बी पेरली, तीच त्याच दिवशी एका पारदर्शक बरणीतही ठेवावी. बरणीच्या आतून ओला टिश्यू कागद गोल बसवावा, काच आणि कागद यांच्यामध्ये बी सरकवावी आणि तळाला थोडेसे पाणी ठेवावे. प्रथम बी पाणी शोषून फुगते, मग टरफल चिरते आणि पांढरे आदिमूळ बाहेर पडते. त्याला पुढे बारीक लव दिसू लागते आणि त्यानंतरच कोंब वर उठतो. मूळ आधी आणि पाने नंतर, हा क्रम बरणीत पाहिलेले मूल मग कुंडीच्या रिकाम्या मातीकडेही वेगळ्या नजरेने पाहते.

दुसरी युक्ती मला विशेष प्रिय आहे. बी उकरून पाहण्याची इच्छा मुलाला होणारच, म्हणून कुंडीच्या कडेला एक जादा ‘उकरायची बी’ पेरावी आणि तिच्यावर वेगळ्या रंगाची काडी खोचावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाने ती बिनधास्त उकरून पाहावी, हवे तर चिरून आत काय आहे तेही पाहावे. इतर बिया मात्र कोणी हलवायच्या नाहीत. कुतूहलाला अशी हक्काची जागा मिळाली, की बाकीच्या बिया बहुतेक वेळा सुरक्षित राहतात.

रोज एक छोटे चित्र काढून भिंतीवर ओळीने लावत गेल्यास दिवस मोजायला आकड्यांची गरज पडत नाही.

कोंबाच्या डोक्यावर टरफल अडकले आहे, ते काढावे का?

सूर्यफुलाच्या बाबतीत हे नेहमी घडते. त्यावर पाणी फवारून ते मऊ होऊ द्यावे. एक-दोन दिवसांत पाने उघडताना ते आपोआप गळते. ओढून काढल्यास आतली दले तुटतात. पहिली दोन जाडसर, गुळगुळीत दले पाकिटावरील चित्रातल्या पानांसारखी दिसत नाहीत म्हणून गोंधळू नये. ती बीमध्येच साठवलेले अन्न रोपाला पुरवतात, खरी पाने त्यांच्यानंतर येतात.

बिया उगवल्याच नाहीत तर?

प्रथम पाकिटावर दिलेल्या मुदतीच्या दुप्पट दिवस थांबावे. बहुतेक फुलांच्या बियांना २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. गार खोलीत त्या आळसावतात. त्याखालोखाल कारणे म्हणजे फार खोल पेरणी, सतत चिखल आणि जुने बियाणे. बियाण्याबद्दल शंका असेल तर पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून झाकून ठेवाव्यात. आठवड्याभरात सहा-सातांना मोड आले तर बियाणे चांगले. दोन-तीनच उगवल्या तर दाट पेरावे किंवा नवे पाकीट आणावे.

मूल झोपले असताना मोठ्यांनी कुंडीत गुपचूप तयार रोप लावून ठेवावे का, असे अनेक पालक विचारतात. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर जे घडले नाही, ते घडले असे त्याला भासवू नये. त्याऐवजी पहिल्याच दिवशी उघडपणे एक राखीव कुंडीही पेरावी. मुख्य कुंडीत काही आले नाही, तर ‘या बिया उगवल्या नाहीत, राखीव कुंडीतले रोप इकडे आणू या’ असे सरळ सांगता येते. मुले हे सत्य मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ सहज स्वीकारतात.

रोपे उंच, बारीक होऊन आडवी पडत आहेत. काय चुकते?

बहुधा प्रकाश कमी पडतो. अंधुक जागी रोप सगळी शक्ती उंच होण्यात घालवते आणि खोड कमकुवत राहते. कोंब दिसताच कुंडी घरातील सर्वांत उजेडाच्या खिडकीत हलवावी. रोप खिडकीकडे झुकते, कारण प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला ऑक्झिन हे संप्रेरक जास्त जमा होऊन तिकडच्या पेशी अधिक लांबतात. कुंडी अर्धी फिरवून ठेवण्याचे काम मुलाला द्यावे आणि दुसऱ्या दिवशी रोपाने पुन्हा कसे वळण घेतले ते दाखवावे. वाढत्या वयातील सूर्यफुले सूर्याच्या मागोमाग वळतात आणि पूर्ण उमललेली फुले बहुतांशी पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतात, हेही याच निमित्ताने सांगता येईल.

खोड मातीलगत काळपट, दोऱ्यासारखे होऊन रोप अचानक कोलमडले असेल, तर ती बुरशीमुळे होणारी रोपांची मर आहे. ते रोप वाचत नाही. त्या कुंडीतील माती टाकून द्यावी, भांडे साबणाने धुवावे आणि पुढच्या वेळी पाणी कमी व हवा जास्त ठेवावी.

एका पेल्यात अनेक रोपे उगवली आहेत, पण मूल एकही काढू देत नाही.

हा विरोध समजण्यासारखा आहे, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक रोप त्याचेच आहे. शक्य असेल तर ही वेळच येऊ नये म्हणून एका पेल्यात दोनच बिया पेराव्यात. दाटी झालीच, तर खऱ्या पानांच्या एक-दोन जोड्या आल्यावर माती भिजवून, चमच्याने मुळांसकट रोपे उचलून वेगवेगळ्या पेल्यांत लावावीत. रोप धरताना पानाला धरावे, खोडाला नव्हे; फाटलेले पान पुन्हा येते, चिरडलेले खोड सावरत नाही. सूर्यफूल आणि नस्टर्शियम यांना मुळे हललेली खपत नाहीत, म्हणून ती कागदी कुंडीत लावावीत आणि कुंडीसकट मोठ्या जागी पुरावीत. घरातील रोप एकदम कडक उन्हात नेऊ नये. आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून त्याला सवय करावी.

अनेक मुले असतील तर एकच मोठी कुंडी ठेवावी की प्रत्येकाची वेगळी?

दोन्ही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली. त्यांच्या बालोद्यानाच्या मांडणीत प्रत्येक मुलासाठी स्वतःचा छोटा वाफा आणि सर्वांसाठी सामायिक वाफे अशी रचना होती. ती आजही तितकीच योग्य वाटते. स्वतःच्या कुंडीवर मुलाचा पूर्ण अधिकार असतो, तर सामायिक कुंडीत बहुधा काहीतरी उगवतेच, त्यामुळे ज्याची बी रुजली नाही ते मूलही रिकाम्या हाताने राहत नाही. वर्गात एका वेळी चार-पाच मुलांचा गट पेरणीला घ्यावा आणि बाकीच्यांनी तोवर वेष्टने रंगवावीत. कोणाचे रोप सर्वांत उंच, अशी स्पर्धा लावू नये. कोणते रोप किती वाढेल यात मुलाच्या मेहनतीचा वाटा थोडाच असतो.

फुले आल्यावर ती खुडू द्यावीत का?

अवश्य. झिनिया, झेंडू आणि कॉसमॉस यांची फुले खुडल्याने आणखी कळ्या येतात, कारण बी धरण्याआधीच फूल गेल्याने रोप पुन्हा फुलू लागते. एका खोडाचे सूर्यफूल मात्र बहुधा एकदाच फुलते, त्यामुळे ते खुडायचे की नाही हे मुलाला नीट समजावून त्यालाच ठरवू द्यावे. कॉसमॉसची फुले पातळ असल्याने शोषक कागदांमध्ये घालून जड पुस्तकाखाली दोन-तीन आठवडे दाबली, की त्यांची सुंदर चित्रे करता येतात. झिनिया जाड असते, त्यामुळे तिच्या सुट्या पाकळ्याच दाबाव्यात.

या फुलांच्या बिया पुढच्या वेळी पेरता येतील का?

येतील. काही फुले रोपावरच पूर्ण वाळू द्यावीत, मग ती चुरगाळून बिया वेगळ्या कराव्यात. मूळ पाकिटावर संकरित किंवा एफ-१ असे लिहिले असेल, तर पुढची फुले आईसारखीच येतील याची खात्री नसते. मुलासाठी तीही एक उत्सुकताच आहे. बिया आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात, कोरड्या व थंड जागी ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला तर त्यांना बुरशी येते.

आठवडाभर बाहेरगावी जायचे असेल तर रोपाचे काय?

सुती दोऱ्याची जाड वात करावी. तिचे एक टोक कुंडीच्या मातीत बोटभर खोल खोचावे आणि दुसरे शेजारच्या पाण्याच्या बरणीत तळापर्यंत सोडावे. माती सुकत जाईल तसे वातीतून पाणी हळूहळू तिकडे जाते. बरणी कुंडीपेक्षा थोडी उंचावर ठेवावी आणि कुंडी उन्हातून हलवून उजेडाच्या, पण सावलीच्या जागी ठेवावी. ही व्यवस्था निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावून पाहावी. बरणीतील पाण्याच्या पातळीवर मुलाला रोज पेन्सिलीने खूण करायला सांगितली, की एवढे पाणी आठवडाभर पुरेल का, हे खुणांमधील अंतरावरून समजते.